ढाल नीट वाचा

दोन घोडेस्वार आहेत, एक पांढरा आणि एक काळा. ताकद अगदी सारखी. दोघेही चपळ, समोरच्याचा हात उठण्याआधी वार करणारे. पांढऱ्याला काळ्यापासून अभय मिळालंय आणि काळ्याला पांढऱ्यापासून. आता सांगा, हे दोघे रणांगणात समोरासमोर आले तर काय होईल?

तलवारीवर तलवार आपटत राहील, कुणालाच ओरखडा येणार नाही आणि लढाई संपायचं नाव घेणार नाही, असंच बहुतेकांना वाटतं. मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं होतं. प्रत्यक्षात लढाई सुरूच होत नाही! ज्या रंगापासून तुम्हाला अभय आहे, त्या रंगाचा योद्धा तुमची वाटही अडवू शकत नाही, असं या अभयाचं एक कलम आहे. त्यामुळे पांढरा स्वार काळ्याच्या शेजारून दौडत थेट त्याच्या मालकावर जाऊन कोसळतो. पुढच्या पाळीला काळा तेच करतो. एकमेकांचे वैरी म्हणूनच घडवलेले हे दोघे आयुष्यात एकदाही भिडत नाहीत. रक्त सांडतं ते त्यांच्या धन्यांचं.

गंमत अशी की ‘हे दोघे कधीच लढणार नाहीत’ असं कुठल्याही पत्त्यावर लिहिलेलं नाही. दोन पत्त्यांवर अभयाचे दोनच शब्द आहेत. बाकीची सगळी कथा त्या शब्दांच्या पोटातून आपोआप बाहेर पडली.

हे पत्ते ‘मॅजिक: द गॅदरिंग’ या खेळातले. स्वारांची नावं ‘व्हाइट नाइट’ आणि ‘ब्लॅक नाइट’. रिचर्ड गारफिल्ड या गणितज्ञाने हा खेळ रचला आणि ऑगस्ट १९९३ मध्ये अमेरिकेतल्या ‘विझर्ड्स ऑफ द कोस्ट’ कंपनीने तो बाजारात आणला. दोन खेळाडू म्हणजे दोन मांत्रिक. प्रत्येकाचा आयुष्यमणी २० गुणांचा. समोरच्याचा शून्यावर आणायचा, की जिंकलात. पत्ते पाच रंगांचे: पांढरे, निळे, काळे, तांबडे, हिरवे. काही पत्ते म्हणजे योद्धे आणि प्राणी, काही म्हणजे मंत्र. प्रत्येकाने आपला गठ्ठा आपल्या संग्रहातून जमवून आणायचा, म्हणून हे संग्रहाचे, अदलाबदलीचे पत्ते.

आपल्या मेंढीकोटाशी तुलना केली की यातलं वेगळेपण चटकन कळतं. मेंढीकोटात पत्ता मुका असतो. बदामाची दश्शी स्वतःहून काही बोलत नाही. उतारी कशी करायची, हुकूम कधी लागू होतो, मेंढी कुणी नेली, हे सगळं नियम सांगतात आणि ते नियम बसलेल्या चौघांच्या डोक्यात असतात. मॅजिकमध्ये प्रत्येक पत्ता बोलका आहे. तो आपला स्वतःचा कायदा अंगावर छापून घेऊन येतो. आणि खेळाचा पहिलाच सुवर्णनियम असा की पत्त्यावरचा मजकूर आणि नियमांचं पुस्तक यांच्यात भांडण झालं, तर पत्ता खरा.

बेजबाबदारपणाच वाटतो ना हा? ज्या खेळात कुठलाही खेळाडू घरून कायदा छापलेला पत्ता घेऊन येतो, तिथे तासाभरात कज्जेदलाली सुरू व्हायला हवी. आज मॅजिकचे वेगवेगळे पत्ते २५,००० हून जास्त आहेत. १९९३ चा पत्ता आणि २०२१ चा पत्ता टेबलावर पहिल्यांदाच भेटतात, तेव्हा पहिला लिहिणाऱ्याला दुसऱ्याची कल्पनाही नसते. तरीही उत्तर निघतं, आणि जगभर तेच निघतं. सुरुवातीला एका छोट्या पुस्तिकेत मावणारे नियम आता अडीचशेहून जास्त पानं व्यापतात. या पुस्तकाची खरी परीक्षा हल्ल्याच्या पत्त्यांनी होत नाही. हल्ला सरळ असतो: मारा, जाळा, तोडा. परीक्षा होते ती बचावाच्या पत्त्यांनी.

कारण ‘याला काही होणार नाही’ हे वाक्य बोलायला सोपं असलं, तरी ‘काही’ म्हणजे नेमकं काय, हे कुणीतरी ठरवावं लागतं!

अभयाचंच घ्या. समजा तुमच्या योद्ध्याला तांबड्यापासून अभय आहे. नियमांत याचा अर्थ मोजून चार गोष्टी. तांबड्या स्रोताकडून त्याला इजा होत नाही. तांबडी जादू किंवा तांबडं आयुध त्याच्या अंगाला चिकटत नाही. तांबडा योद्धा त्याला अडवू शकत नाही. आणि तांबड्या मंत्राला त्याच्यावर नेम धरता येत नाही. इथे यादी संपली. पाचवी गोष्ट त्यात नाही, आणि सगळी मजा त्या नसलेल्या पाचव्या गोष्टीत आहे.

त्यातलं ‘नेम धरणं’ नीट समजायला हवं. त्यासाठी एका किल्ल्याकडे बघू. अकोल्याहून खामगावच्या रस्त्याला लागलात की वाटेत बाळापूर येतं. तिथे मन आणि म्हैस या नद्यांच्या मधल्या उंचवट्यावर किल्ला आहे. औरंगजेबाचा मुलगा आझमशहा याने तो बांधायला घेतला आणि एलिचपूरचा, म्हणजे आपल्या अचलपूरचा, नवाब इस्माईलखान याने १७५७ मध्ये पुरा केला. एका दरवाजातून आत शिरावं तर पुढे दुसरा दरवाजा. अशी रचना करणाऱ्याने एक गोष्ट गृहीत धरलेली असते: शत्रू येईल तो दरवाजाने येईल. म्हणजे त्याला थांबावं लागेल, वळावं लागेल, आणि तेवढ्यात वरून त्याचा समाचार घेता येईल. पण पावसाळ्यात नद्या फुगतात तेव्हा पाणी दरवाजा शोधत येत नाही. ते आतल्या माणसाचं नाव विचारत नाही. ते सगळीकडे एकदम चढतं.

मॅजिकमधले मंत्र नेमके असेच दोन जातींचे आहेत. एक जात दरवाजाने येते. ‘अमुक एका योद्ध्याला ३ गुणांची इजा’ असा मंत्र टाकताना बोट रोखून सांगावं लागतं, हा बघ, याच्यावर. अभय असलेला योद्धा त्या बोटाखाली सापडतच नाही. दुसरी जात पुराच्या पाण्यासारखी. ‘रॅथ ऑफ गॉड’ नावाचा पत्ता पहिल्या संचापासून आहे आणि त्याचं काम एवढंच की टेबलावरचे सगळे योद्धे नष्ट. त्यात बोट रोखणं नाही. इजाही नाही, कारण नष्ट करणं वेगळं आणि इजा करणं वेगळं. अंगाला चिकटणं नाही, अडवणं तर नाहीच. चारही कलमं कोरडी राहतात.

आता आपला काळा स्वार आठवा. त्याला पांढऱ्यापासून अभय. आणि ‘रॅथ ऑफ गॉड’चा रंग कोणता? पांढरा! पांढऱ्या तलवारी ज्याला शिवू शकत नाहीत, तो काळा स्वार पांढऱ्याच प्रलयात मरतो, आणि नियमाच्या एका अक्षराचाही भंग होत नाही.

पण घाईने ‘सरसकट मंत्रापुढे अभय निकामी’ असा निष्कर्ष काढू नका. ‘पायरोक्लॅझम’ नावाचा तांबडा पत्ता घ्या. तोही सरसकटच आहे, पण तो प्रत्येक योद्ध्याला २ गुणांची इजा करतो. तांबड्यापासून अभय असलेला योद्धा या आगीत शांत उभा राहतो, कारण इजेचं कलम त्याच्या बाजूने आहे. दोन्ही प्रलयच, दोन्ही सगळ्यांवर. एकात वाचायचं, दुसऱ्यात मरायचं, आणि फरक फक्त क्रियापदाचा. व्याकरणाला कंटाळणाऱ्या शाळकरी पोरांनी या खेळात क्रियापदांवरून तावातावाने वाद घातलेले ऐकले, की मला फार बरं वाटतं.

बरं, हे अभय उलटू शकतं का? शकतं, आणि तेही झकास. पहिल्याच संचात ‘वॉर्ड’ नावाचे पाच पत्ते होते. पाचही पांढरे. योद्ध्याच्या अंगाला चिकटवायचे, की त्याला एकेका रंगापासून अभय मिळतं. ‘रेड वॉर्ड’ तांबड्यापासून, ‘ब्लॅक वॉर्ड’ काळ्यापासून. ‘व्हाइट वॉर्ड’ पांढऱ्यापासून. थांबा, इथे गोची आहे. ‘व्हाइट वॉर्ड’ स्वतः पांढरा. तो चिकटला, की योद्ध्याला पांढऱ्यापासून अभय मिळालं. पांढऱ्यापासून अभय असलेल्याच्या अंगाला पांढरी जादू चिकटू शकत नाही. म्हणजे ‘व्हाइट वॉर्ड’ गळून पडला. तो पडला, की अभयही गेलं. ज्याने अभय दिलं त्यालाच पहिल्यांदा हाकलणारी ही ढाल!

यावर उपाय काय केला असेल? नियम बदलला नाही, पत्ता बाद केला नाही. पत्त्याच्या मजकुराला एक शेपूट जोडलं: या परिणामाने ‘व्हाइट वॉर्ड’ निघत नाही. एवढंच. इतर पांढरी जादू मात्र गळतेच. म्हणजे तुम्ही मोठ्या हौसेने आपल्या योद्ध्याला आधी पांढऱ्या आशीर्वादांनी मढवलंत आणि मग त्याच्यावर हा वॉर्ड चढवलात, तर तुमचेच आशीर्वाद एकदम खाली पडतात. ढालीला आपलं-परकं कळत नाही. तिला रंग कळतो.

त्या पहिल्या संचाची आणखी एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. त्यात ‘सर्कल ऑफ प्रोटेक्शन’ नावाची संरक्षक वर्तुळं होती, एकेका रंगाच्या माऱ्यापासून खेळाडूला वाचवणारी. रंग पाच, म्हणून वर्तुळंही पाच हवीत. पण छपाईच्या गडबडीत काळ्या रंगाविरुद्धचं वर्तुळ राहूनच गेलं! २९५ पत्त्यांचा तो संच तसाच विकला गेला आणि राहिलेला पत्ता पुढच्या छपाईत घातला. तोवर काळे पत्ते खेळणाऱ्यांविरुद्ध वर्तुळ कुणाकडेच नव्हतं. त्या बहाद्दरांनी काय चैन केली असेल!

आता वेळेचा प्रश्न. ढाल मारा झाल्यावर पुढे केली तर उपयोग काय? इथे मॅजिकची रचना बघून टोपी काढावीशी वाटते. टाकलेला मंत्र ताबडतोब घडत नाही. तो मध्ये ठेवला जातो आणि समोरच्याला विचारलं जातं: यावर काही उत्तर? उत्तर असेल तर ते त्याच्यावर चढतं. त्यावर आणखी उत्तर, त्याच्यावर आणखी. सगळे गप्प झाले, की उलगडायला वरून सुरुवात होते. शेवटी आलेला पहिला.

तुम्ही माझ्या योद्ध्यावर नेम धरून तांबडा ‘लाइटनिंग बोल्ट’ टाकलात. वीज निघाली आहे, अजून पडलेली नाही. त्या अधल्यामधल्या क्षणात मी त्याला तांबड्यापासून अभय देतो. माझं उत्तर वर आहे, म्हणून ते आधी घडतं. मग विजेची पाळी येते. ती खाली बघते, तर नेम धरला होता तो योद्धा आता नेम धरण्याजोगा राहिलेलाच नाही. वीज काहीही न करता विरून जाते. पण हाच क्रम उलटा झाला, म्हणजे मी आधी अभयाचा मंत्र टाकला आणि त्यावर तुम्ही विजेने उत्तर दिलंत, तर वीज वर, अभय खाली. माझा योद्धा मरतो आणि मागाहून पोचलेल्या अभयाला द्यायला कुणी उरत नाही. तेच दोन पत्ते, तोच योद्धा. म्हणून मुरलेले खेळाडू ढाल हातात दाबून ठेवतात आणि समोरच्याला आधी बोलू देतात.

मग मुळातूनच मरणार नाही असा योद्धा का नाही काढायचा? तोही काढला. २००४ च्या ‘डार्कस्टील’ संचात अविनाशी पत्ते आले. ‘डार्कस्टील कोलोसस’ हा त्यातला लोखंडी राक्षस. त्याला ‘नष्ट’ करता येत नाही. प्रलय आला तरी तो उभा. जीव जाईल एवढी इजा झाली तरी उभा, कारण भरपूर इजा झालेला योद्धा ‘नष्ट होतो’ असाच नियमाचा शब्द आहे आणि हा नष्ट होत नाही. कितीही मारा.

आणि तरीही तो टेबलावरून जातो! प्रत्येक योद्ध्याचा चिवटपणा आकड्यात लिहिलेला असतो. मंत्राने तो आकडा कमी करत शून्यावर आणला, की नियम म्हणतो, ज्याचा चिवटपणा शून्य तो टेबलावर राहणार नाही. इथे ‘नष्ट’ हा शब्दच येत नाही. कोलोसस फुटत नाही, जळत नाही. तो शून्य होतो, आणि शून्याला ढाल कशी लावणार? दुसरी वाट त्याहून कपटी. १९९७ मध्ये आलेला ‘डायबॉलिक एडिक्ट’ योद्ध्यावर नेमच धरत नाही. तो खेळाडूवर नेम धरतो आणि सांगतो, तुझा एक योद्धा तूच बळी दे. तुमच्याकडे कोलोसस एकटाच असेल, तर बोट दाखवायला दुसरा आहे कोण? आपल्याच हाताने उचलून ठेवावा लागतो.

२००९ मध्ये यावरही कडी झाली. ‘प्रोजेनिटस’ नावाच्या महाकाय प्राण्याला चक्क ‘सगळ्यापासून अभय’ देण्यात आलं. ना रंग, ना अट. हिरण्यकशिपूनेसुद्धा एवढं मोकळं वरदान मागितलं नव्हतं, बिचारा घर-अंगण, दिवस-रात्र असं मोजत बसला. पण अभय म्हणजे काय? चार कलमं. सगळ्यापासून अभय म्हणजे सगळ्या बाजूंनी तीच चार कलमं. ‘रॅथ ऑफ गॉड’ आला, की प्रोजेनिटसही जातो.

हा चक्रावणारा प्रकार एकट्या मॅजिकचा नाही. पोकेमॉनचे पत्ते जपानमध्ये १९९६ साली आले. त्यातल्या सुरुवातीच्या ‘मिस्टर माइम’कडे एक अदृश्य भिंत आहे. ३० किंवा त्याहून जास्त इजा करणारा हल्ला ती पुरता अडवते. २० चा मात्र सुखाने आत येतो. म्हणजे गजराजाची धडक वाया आणि उंदराचा चावा लागू! या भिंतीसमोर सगळ्यात दुबळा पोकेमॉन पुढे करावा लागतो.

‘यु-गि-ओ’च्या खेळाडूंनी तर कमालच केली. त्या खेळात ‘कुठल्याच परिणामाचा उपयोग होत नाही’ अशा थाटाचे राक्षस आहेत. ते उठवायचे कसे? ‘कायजू’ नावाच्या पत्त्यांनी. कायजू हा स्वतःच एक प्रचंड राक्षस, पण तो समोरच्याच्या अंगणात उतरवता येतो आणि त्याची किंमत म्हणून समोरच्याचाच एक राक्षस बळी द्यायचा असतो. किंमत! परिणाम नव्हे. ढाल परिणामांपासून वाचवते. किंमत म्हणून तुम्हाला मोजून टाकलं, तर ढाल काय बोलणार? वर शत्रूला एक नवाकोरा राक्षस भेट मिळतो, ही गोष्ट वेगळी. तो निदान साधा असतो, मारता येतो.

ही सगळी वाक्यांची यंत्रं किती खोल जातात, याचा अंदाज २०१९ मध्ये आला. अॅलेक्स चर्चिल, स्टेला बायडरमन आणि ऑस्टिन हेरिक यांनी सिद्ध केलं, की मॅजिकचे पत्ते विशिष्ट तऱ्हेने मांडले तर त्या मांडणीतून संगणकासारखं कुठलंही गणन करवून घेता येतं. म्हणजे अशाही मांडण्या असतात, जिथे पुढे कोण जिंकणार हे ठरवायची एकच एक खात्रीची रीत असूच शकत नाही. आणि हे सगळं पोरांच्या दप्तरात मावणाऱ्या खेळात!

आता शेवटची ढाल. २००३ चा ‘प्लॅटिनम एंजल’. हा पत्ता योद्ध्याला राखत नाही, थेट खेळाडूला राखतो: ही देवदूती तुमच्या बाजूला आहे तोवर तुम्ही हरू शकत नाही आणि समोरचा जिंकू शकत नाही. तुमचे गुण शून्याखाली गेले, उणे चाळीस झाले, तरी खेळा आपले. इथे दुसरा सुवर्णनियम कामाला येतो: एक वाक्य ‘शकतो’ म्हणालं आणि दुसरं ‘शकत नाही’ म्हणालं, तर ‘शकत नाही’ खरं. शून्य गुण म्हणजे हार, हा खेळाचा पायाच. एका पत्त्याने तो बाजूला ठेवला. मात्र त्या देवदूतीला कुणी उचललं, की साचलेली सगळी हार त्याच क्षणी अंगावर येते. आणि बरोबरी? ‘डिव्हाइन इंटरव्हेन्शन’ हा १९९४ चा पत्ता डाव बरोबरीत सोडवतो. बरोबरी म्हणजे हरणंही नाही आणि जिंकणंही नाही. देवदूती बघत राहते.

पत्ता पुस्तकापेक्षा मोठा, या पहिल्या सुवर्णनियमाला मात्र एक अपवाद तिथेच लिहून ठेवलाय. एकच. खेळाडू केव्हाही ‘हरलो’ म्हणून उठून जाऊ शकतो आणि जगातला कुठलाही पत्ता त्याला थांबवू शकत नाही. प्लॅटिनम एंजलसुद्धा नाही. ज्या संचात ही देवदूती आली, त्याच संचात ‘माइंडस्लेव्हर’ही आला, समोरच्याची एक अख्खी पाळी तुमच्या ताब्यात देणारा. त्या पाळीत त्याच्या हातातले पत्ते तुम्ही बघता, त्याचे मंत्र तुम्ही त्याच्याच योद्ध्यांवर टाकता, त्याच्या ढाली तुम्ही नको तिथे उधळता. फक्त त्याच्या तोंडून ‘हरलो’ वदवून घेता येत नाही. ते त्याचं त्यालाच म्हणावं लागतं, आणि म्हणायचं असेल तर त्या पाळीतही तुम्ही त्याला अडवू शकत नाही.